कांताबाईसाठी घेतलेला डब्बा

...आणि वरून टॉर्च! तुम्हाले सांगतो, गाणं ऐकायच्या डब्ब्याले टॉर्च काहून पाहिजे? गाणं काय अंधारात पडून जाते, शोधाले लागते? पण आहे. टॉर्च आहे, घड्याळ आहे, अलार्म आहे, रेडिओ आहे, ब्लूटूथ आहे, पेनड्राइव्हचं भोक आहे, कार्डाचं भोक आहे, अजून एक भोक आहे ते कशाचं आहे हे दुकानवाल्यालेही ठाऊक नव्हतं, आणि समोर बटणंच बटणं... आणि म्हातारीले पाहिजे होतं काय? दाबलं की गाणं सुरू, दाबलं की बंद. एक बटण पाहिजे होतं भाऊ, एकच.

आता तुम्ही म्हणसान, नीलेशभाऊ, तुमचं काय जाते? डब्बा गौतमचा, आई गौतमची. बरोबर आहे. पण भिंत तं आमची दोघांची एकच आहे ना. त्याच्या घरी कुकरची शिट्टी झाली की माझी बायको आपला गॅस बंद करते. त्या डब्ब्यानं त्या घरात जे केलं ते मी भिंतीतून ऐकलं, दारातून पाह्यलं, आणि उरलेलं गौतमनं रोज माझ्या ओट्यावर येऊन डोकं धरून सांगितलं. म्हणून बोलून राहिलो.

गौतम म्हणजे रेल्वेच्या वर्कशॉपात बाबू, आणि आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी. माणूस भल्ला चांगला. फक्त तोंड उघडत नाही. म्हणजे तसं उघडते, माईक हाती आला की तं बंदच होत नाही... चपला रांगेत ठेवा, खीर ओळीनं घ्या, लेकरांले समोर बसवा... पण जे सांगाचं असते ते सोडून बाकी सगळं सांगते. त्यात समोर आई असली की मंग विचारूच नका.

आणि आई कोण? कांताबाई. भंडाऱ्याकडून नवरी होऊन इथं रायपूरले आली, आणि तवापासून आमच्या विहारात रीतच पडून गेली, वंदना संपली की पहिलं गाणं कांताबाई उचलते. कोणी ठरवलं नाही, ठराव नाही काही नाही. ती पांढऱ्या साडीचा पदर खोचून उभी राहिली की बायका मागे बसत, तिनं ओळ टाकली की यांनी झेलली. माईक कशाले पाहिजे? रेल्वे फाटकावर थांबलेले लोक ऐकत, असा आवाज. होता. आता वय झालं ना. वर चढते तं उतरता येत नाही, मधात श्वास तुटते, ओळ अर्ध्यात लटकून राहते, आणि मागच्या बायका तोंड उघडून बसतात... पुढची ओळ येते, का आपणच म्हणून टाकाची? मागच्या रांगेतल्या पोट्ट्या तोंडावर ओढणी धरून हसतात. कांताबाईले ते दिसते का नाही, कोणाले माहीत.

तं बुद्ध पौर्णिमेच्या आधी कमिटी बसली. यंदा पहिलं गाणं पोट्ट्यांले द्यावं, ट्रॅक लावून गातील. सगळ्यांले मंजूर. मंग कांताबाईले सांगेल कोण? सगळे पंख्याकडे पाहाले लागले. मीही पाह्यलं, खोटं काहून बोलू. अध्यक्ष म्हणते, "गौतमभाऊ, आई तुमची आहे, तुम्हीच सांगा जरा प्रेमानं." गौतम म्हणते, "हव, सांगतो ना, त्यात काय?" आता ज्या माणसानं आपल्याले पोरगी पसंत आहे हेही आईले मामाकडून कळवलं, तो सांगणार?

नाहीच सांगितलं. त्यानं डोकं चालवलं. आईले एक डब्बा घेऊन देऊ, त्यात भीमगीतं, बुद्धगीतं, एकाहून एक गाणाऱ्यांचे भरून देऊ. ऐकेल, रमेल, आणि गाणं आपोआप सुटून जाईल. सांगाचं कामच नाही! म्हणजे पाहा तुम्ही, तोंडानं सांगाची गोष्ट, आणि हा माणूस ते काम कराले बाजारात मशीन पाहून राहिला.

मले घेऊन गेला जयस्तंभ चौकाकडे. ऊन असं की स्कूटरची सीट चटका देऊन राहिली. जातानी मी बजावलं होतं, गौतम, एक बटणवाला घे. हो म्हणाला. दुकानात शिरून पहिलं वाक्यही तेच बोलला, "भैया, एक बटनवाला दिखाओ." दुकानवाल्यानं त्याच्याकडे असं पाह्यलं की जसं यानं एक चाकाची सायकल मागितली. "एक बटनवाला? वो तो खिलौना होता है भैया. माताजी के लिए ले रहे हो ना? तो अच्छा लो, मल्टीवाला लो." झालं. गौतमची नस सापडली त्याले. गौतमले एखादी गोष्ट कमी आहे म्हटलं की झोप येत नाही. याच्यात रेडिओ नाही? मंग त्याच्यात पाहा. त्याच्यात आहे, पण बॅटरी कमी. याची बॅटरी दिवसभराची, पण आवाज बारीक. त्याचा आवाज मोठा, पण नुसती ढोलकी ऐकू येते, गाणारा बेपत्ता. कान लावून राहिला, खालीवर करून राहिला, उलटा करून पाहून राहिला. मी दोनदा म्हटलं, गौतम, बटणं भल्ले आहेत याले. म्हणते, "असू दे ना, कामी पडतील."

शेवटी दुकानवाल्यानं हुकमी पत्ता काढला. "और ये देखिए, रिकॉर्डिंग!" गौतम म्हणते, "रिकॉर्डिंग का क्या करेंगे?" "अरे भैया, माताजी गाती होंगी कुछ, तो अपना ही गाना रिकॉर्ड कर लेंगी, फिर सुनेंगी." गौतमनं पाकीट काढलं. मी पिशवी धरली. आणि तुम्हाले सांगतो, ज्या गाण्यावर झाकण ठेवाले निघाला होता, तेच गाणं भरून ठेवणारी मशीन पिशवीत टाकून माणूस घरी आला.

घरी त्याची पोट्टी पायल, कॉलेजात आहे, तिनं गाणे भरून दिले. मराठी समजते सगळं, पण जबाब हिंदीतच देते. "दादी, ये प्ले है, ये मोड है, ये लंबा दबाओगे तो कुछ और होगा, तो लंबा मत दबाना." आता बोटं म्हातारीचे. वाकडे झालेले. ते कमी दाबले काय आणि लंबे दाबले काय, त्यांचं त्यांले तरी समजते का? आणि डब्बा बोले. त्याच्या आत एक बाई होती, बटण दाबलं की म्हणे, "ब्लूटूथ मोड." कांताबाई म्हणे, "ही कोण आहे वं? गाण्याच्या मधात काहून तोंड घालते?" पहिल्या दिवशी तिचा राग केला. मंग सकाळी डब्बा सुरू केला की त्या बाईले "जयभीम बाई" म्हणाले लागली. कापडाची पिशवी शिवली, गळ्यात अडकवली, आणि डब्बा घेऊन पाराभर फिराले लागली.

रमली ना? रमली. गौतम खूश. माझ्या ओट्यावर येऊन म्हणते, "पाह्यलं नीलेशभाऊ? एक शब्द बोलावा नाही लागला." हे गाणं लवकरच सुटते म्हणे. हे त्यानं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी चेहरा पांढराफटक करून आला. मी म्हटलं, काय झालं? तं म्हणते, "तो लाल दिवा..."

झालं होतं असं. आदल्या दिवशी कांताबाईनं डब्बा सैपाकघरात पिठाच्या डब्ब्यावर ठेवला आणि गेली अंगणात मिरच्या वाळू घालाले. सैपाकघरात गौतम आणि त्याची बायको नीलिमा. नीलिमा सरळ बाई, पोटात तेच ओठात. ती म्हणे, "अहो, आईंले सांगून टाका ना एकदाचं. आवाज फाटला त्यांचा, पोट्ट्या हसतात मागे बसून. मले पाहवत नाही." आणि हा शहाणा म्हणे, "मी नाही सांगत. डब्बा दिला ना घेऊन? डब्ब्यात गुंतली की गाणं आपोआप सुटते तिचं. तिले समजतही नाही." आणि हे बोलतानी समोर पिठाच्या डब्ब्यावर एक लाल दिवा लुकलुक करून राहिला होता. गौतमले वाटलं चार्जिंगचा आहे.

दुसऱ्या दिवशी सहज पायलले विचारलं. पायल म्हणते, "लाल लाइट? वो तो रिकॉर्डिंग की है पापा." गौतमनं म्हटलं, ते रेकॉर्डिंग जाते कुठं? "गानों के साथ ही सेव होती है." मंग वाजते कवा? "दादी का तो शफल पे रहता है. कभी भी बज जाएगी."

कवाही! म्हणजे एक भीमगीत, मंग एक बुद्धगीत, आणि त्याच्यानंतर गौतम. आवाज फाटला, पोट्ट्या हसतात, तिले समजतही नाही... आणि हे सगळं कुठं वाजेल? म्हातारीच्या गळ्यात! भर पाऱ्यात! एक बटण पाहिजे होतं भाऊ. ज्याले एकच बटण असते त्यात माणूस पकडल्या जात नाही.

तिथून गौतमची जी हालत झाली, तुम्हाले काय सांगू. गाणं सुरू असलं की ठीक. गाणं संपलं की दुसरं सुरू व्हाच्या आधी एक जागा असते, पाहा, शांत, एवढीशी. त्या जागेत याचा जीव जाये. पुढचं गाणं वाजलं की जीव परत ये. म्हणून तो आईपाशीच बसाले लागला. वर्कशॉपातून आला की बूटही न काढता आईच्या खाटेवर. आणि गाणं संपलं की मोठ्यानं खोकले. का? तं पुढे आपला आवाज आला तं खोकल्यात दबेल. भिंतीच्या इकडे मले सगळं ऐकू ये, गाणं... खोकला... गाणं... खोकला. माझी बायको म्हणे, "भाऊजीले डॉक्टरकडे घेऊन जा ना तुम्ही." आणि कांताबाई पाऱ्यात सांगत फिरे, "माझा गौतम आजकाल भल्ला बसते माझ्यापाशी. कधी बसत नव्हता असा." हे ऐकून त्याले अजून मेल्याहून मेल्यासारखं होये.

डब्बा मागून पाह्यला. "आई, चार्जिंगले लावतो." "लावला मी." "आई, पुसून देतो." "पुसला मी." अंघोळीले गेली तं बाथरूमात घेऊन गेली, दाराआडून गाणं आणि बालटीचा आवाज. झोपे तं उशीखाली. मी म्हटलं, गौतम, तू सरळ जाऊन सांग, आई, असं असं बोललो, चूक झाली. तं माझ्याकडे असं पाह्यलं की जसं मी त्याले रेल्वेच्या रुळावर झोप म्हटलं.

आणि मंग नीलिमाचा फोन आला वर्कशॉपात. बायका पौर्णिमेची तयारी कराले विहारात जमल्या होत्या, कोणी तांदूळ निवडून राहिली, कोणी पंचशीलाच्या पताका लावून राहिली, आणि "आईंनी डब्बा माईकले जोडला." माईकले! ते तिसरं भोक माईकचं होतं म्हणे. गौतमनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, मले रस्त्यात उचललं, आणि स्कूटर अशी चालवली की मी मागे बसून सगळ्यांले माफ करून टाकलं.

पोचलो तं गाणं सुरू. मोठ्या भोंग्यावर. बायका तांदूळ निवडतानी माना हालवून राहिल्या. गौतम दारात उभा, घामानं चिंब, आणि गाणं संपलं. आता खोकून काय होते? भोंगा आहे समोर. तं यानं झडप घालून माईक उचलला, "सूचना! सर्व उपासिकांले सूचना आहे, पाण्याच्या टाकीचं झाकण लावून ठेवा!" पुढचं गाणं सुरू झालं. हा श्वास घेते. गाणं संपलं. "सूचना! चपला... चपला रांगेत ठेवा!" एक बाई म्हणे, चपला बाहेरच आहेत भाऊ. "तरी ठेवा!" गाणं. "सूचना, ऊन भल्लं आहे, डोक्याले रुमाल बांधा." बायकांनी तांदळाचे ताट खाली ठेवले आणि गौतमकडे पाहाले लागल्या. नीलिमानं कपाळावर हात मारून घेतला. आणि कांताबाई... कांताबाई कोपऱ्यात बसून एकटक त्याच्याकडे पाहून राहिली होती.

सूचना संपल्या. माणसाजवळ सूचना तरी किती असतात? मंग तो आईजवळ गेला आणि म्हणे, "आई, डब्बा दे, नवे गाणे भरून आणतो." मले वाटलं नाही देत. पण तिनं वायर काढली, पिशवीसकट डब्बा त्याच्या हाती दिला. इतक्या सहज दिला की मलेच कसं तरी झालं.

हा डब्बा घेऊन विहाराच्या पायऱ्यांवर बसला. मी म्हटलं, थांब, पायलले येऊ दे कॉलेजातून, ती काढते बरोबर. थांबतो कुठं! एवढीशी स्क्रीन, मुंगीएवढे अक्षर, उन्हात काहीच दिसत नाही. हे दाबलं तं "ब्लूटूथ मोड." ते दाबलं तं टॉर्च लागला, भर दुपारी. अजून काही दाबलं तं रेडिओवर कोणी तरी धानाच्या रोगाबद्दल बोलाले लागला. मंग एकदाचं ते डिलीट दिसलं. डब्ब्यानं काही तरी विचारलं. यानं हो केलं. डब्ब्यानं पुन्हा विचारलं. यानं घाईनं पुन्हा हो केलं. आणि डब्ब्यातली बाई शांतपणे म्हणे, "नो फाइल."

सारं गेलं. त्याचं बोलणं गेलं, आणि त्याच्यासोबत एकन् एक गाणं. पण गौतमच्या चेहऱ्यावर तुम्हाले सांगतो असं समाधान, की जसा ताप उतरला. तेवढ्यात मागून कांताबाई आली. पायरीवर टेकली. म्हणे, "भरले गाणे?"

"नाही आई. उडून गेले."

"सारे?"

"सारे."

"ते तुमचं सैपाकघरातलं बोलणंही?"

मी उठून स्कूटरपाशी गेलो, पण तिथंही सगळं ऐकू येत होतं. गौतमच्या हातातला डब्बा तसाच.

कांताबाई म्हणे, "मी तं दुसऱ्याच दिवशी ऐकलं. आधी वाटलं रेडिओवरचं नाटक आहे. चांगलं लागलं मले. म्हटलं, यातली सून समजदार आहे, पोट्टा घाबरट आहे. मंग आवाज ओळखला. सून काय खोटं बोलली? आवाज फाटला हे मले नाही माहीत काय? गळा माझाच आहे ना बाबू."

गौतम डब्ब्याच्या पिशवीचा बंद सरळ कराले लागला.

"तू रोज येऊन माझ्या खाटेवर बसे. गाणं संपलं की मले वाटे, आता पोट्टा सांगते. आता सांगते. मी वाट पाहो. आणि तू खोकले."

आता सांगा तुम्ही. हा तिकडे त्या एवढ्याशा जागेत मरून राहिला होता, आणि म्हातारी त्याच जागेत कान लावून बसली होती. त्या दिवशी मले गौतमचा एवढा राग आला, आणि तेवढंच वाईट वाटलं, की मी उगाच स्कूटरचा आरसा पुसत बसलो.

मंग कांताबाई उठली, साडी झटकली. म्हणे, "पौर्णिमेले माईक तुझ्याच हाती असते ना? तं सगळ्यांसमोर तूच सांग. आईचा आवाज आता लागत नाही, यंदा ती गाणार नाही. तू तोंडानं सांग, मी खाली बसून राहीन. एक शब्द बोलणार नाही."

पौर्णिमेचा दिवस उजाडला. विहार भरलेलं, कूलर घरघर करून राहिले, खिरीचे गंज झाकून ठेवलेले. पोट्ट्या ट्रॅक घेऊन तयार. वंदना झाली. कांताबाई पहिल्या रांगेत, पांढरी साडी, हात मांडीवर. गौतमनं माईक धरला. मी मागे उभा होतो. नीलिमा खालून मान हालवून त्याले धीर देऊन राहिली, बोला, बोला. तो म्हणे, "उपासक उपासिकांनो..." थांबला. आईकडे पाह्यलं. "माझी आई..." थांबला. एवढी शांतता की कूलरातलं पाणी ऐकू ये. आणि मंग तो म्हणे, "माझी आई... आता पहिलं गाणं गाईल."

अध्यक्षांनी पंख्याकडे पाह्यलं. कांताबाई उठली, माईकपाशी आली, आणि त्याच्या हातातून माईक घेतानी हळूच म्हणे, "माहीतच होतं मले." ते भोंग्यावरून सगळ्यांले ऐकू गेलं. आणि गायली. ओळ वर गेली, तिथंच तुटली, लटकली. पण त्या दिवशी बायकांनी वाट नाही पाह्यली. खालून उचलली आणि नेली पुढे. गौतम भिंतीकडे तोंड करून चपलांबद्दल काही तरी पुटपुटत होता.

बरं, इथं संपावं ना? नाही. दुसऱ्या दिवशी नीलिमानंच पदर खोचला. तिले कोणत्या कमिटीनं सांगितलं नव्हतं. सासूचा हात हातात घेतला, खाटेवर बसली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. आवाज लागत नाही, पोट्ट्या हसतात, मले वाईट वाटते, आई, आता तुम्ही आराम करा. मी भिंतीच्या इकडे श्वास रोखून. कांताबाईनं सगळं ऐकून घेतलं. मंग नीलिमाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणे, "भल्लं बरं वाटलं बाई. तू तरी सांगितलं."

गौतम त्या दिवशी माझ्या ओट्यावर आला, पहिल्यांदा मोकळा हसला, चहा प्याला. म्हणे, सुटलो नीलेशभाऊ.

आणि रविवारी वंदना झाली, तं कांताबाई पदर खोचून उठली, आणि पहिलं गाणं उचललं. आता आम्ही सगळे पंख्याकडे पाहून राहिलो, पण सांगाचं काय? सांगून तं झालं.